लसूणघास मी चारायला सांगितला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय, कुणास ठाऊक — पण बसलाच आहात, तर ऐका.

सत्तरच्या दशकात मी आटपाडी भागात गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होतो. खरे डॉक्टर कधीतरी उगवायचे, म्हणून गाव मलाच डाक्टर म्हणायचं. आणि मला ते लय आवडायचं, खोटं कशाला बोलू?

हौसाबाई त्याच गावची सून. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. मूल नव्हतं, त्यामुळे सासू उठताबसता टोचून बोलायची. पण तिनं एक खिल्लार खोंड असा सांभाळला होता, की गावानं ठरवलं — पुढचा वळू हाच. गावच्या सगळ्या गायी त्याच्याकडंच येणार. त्या घरात तिला पहिल्यांदाच मान मिळाला. तिनं मला विचारलं, ह्याला काय चारू? मी ऐटीत सांगितलं — लसूणघास, नुसता लसूणघास, कडबा बंद. बिचारीनं विहिरीखालचा अख्खा तुकडा घासाला दिला. खोंड असा अंगानं भरला, की बघत राहावं!

मग साताऱ्याला खात्याचं शिबिर झालं. तिथं एक साहेब बोलता बोलता म्हणाले, की काही हिरव्या चाऱ्यात, लसूणघासातसुद्धा, मादीच्या संप्रेरकासारखं द्रव्य असतं. वाढत्या नराला नुसतं तेच चारलं, तर त्याचं नरपण नीट वाढेल का, याची शंका आहे. नक्की काही नाही, अभ्यास चालू आहे, असंही म्हणाले. पण मला हौसाबाईचा खोंड आठवला. त्याचे इवलेसे सड सुजलेले मी पाहिले होते. वृषण वयाच्या मानानं बारीक होते, तेही पाहिलं होतं — आणि गप्प बसलो होतो.

परत आल्यावर तरी बोलावं की नाही? घास बंद कर, कडबा घाल — एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग गाव काय म्हणणार? डाक्टरला काय डोंबल कळतंय! नाही बोललो.

खोंड वळू झाला. गायी परत परत माजावर यायच्या, एकही गाभण राहीना. आणि कुणीतरी — सासूच असणार — म्हणालं, "वांझेच्या हातचं खाल्लं, खोंडबी तसलाच निगाला." झालं! सगळ्या गावाच्या तोंडी तेच. देवळापुढं बैठक बसली. हौसाबाई पदर सावरत सगळ्यांदेखत माझ्यापुढं आली.

"आवं डाक्टर, तुमी शिकल्यालं हायसा. हातानं असं हुतं व्हय? सांगा की ह्यास्नी."

काय अवघड होतं हो? मी मान खाली घातली. "मला न्हाई सांगता येत, बाई," म्हणालो.

तिला सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला माहेरी धाडलं. नवऱ्याचं दुसरं लग्न लावून दिलं. खोंड घासानंच बिघडला का? छातीवर हात ठेवून मला आजही सांगता येत नाही. पण तिच्या हातानं बिघडला नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं — त्या दिवशीही, त्या देवळापुढंही.

पुढं एकदा साताऱ्याच्या स्टँडवर ती दिसली. वाळून काटकी झालेली. माझी धाकटी कडेवर होती. पोरीनं काय पाहिलं कोण जाणे, हसत तिच्याकडं झेपावली. हौसाबाईनं झटकन दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नगं डाक्टर. माजा हात लागाय नगं."

शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. पण तिला स्वतःलाच ते पटलं होतं. आता तरी सांगावं की नाही? तिथं गाव नव्हतं, सासू नव्हती, कुणी ओळखीचंसुद्धा नव्हतं.

मी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गाडीत चढलो.