शास्त्रज्ञांनी उभं राहायची जत्रा

दिलीपचा फोन आला तेव्हा मी दळणाचा डबा घेऊन दारातून बाहेर पडत होते. दिलीप म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, प्रभाचा धाकटा भाऊ, तिच्याच घरी राहणारा. "सुमनताई, प्रभाताई गेली," एवढंच म्हणाला. "येते," म्हटलं, डबा चपलांजवळ ठेवला आणि तिथेच जिन्यात बसले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मला आधी थकवाच आला... म्हणजे आता हेही करायचं, असं काहीसं. तेव्हापासून लोक भेटतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "तुम्हाला फार एकटं वाटत असेल." वाटतं हो. पण त्याहून जास्त दमायला होतं. माणूस जातं आणि त्याची कामं मात्र सगळी जागच्या जागी राहतात, हा काय न्याय झाला?

आम्ही दोघी एम.एस्सी.ला बरोबर होतो. मी पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, ती एका सरकारी प्रयोगशाळेत जिवाणूंवर संशोधन करायला लागली. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि ज्याच्या त्याच्या तोंडी अमेरिका होती. अशात एकदा प्रभाच्या शेजारच्या काकूंनी तिला सहज विचारलं, "तुम्ही दिवसभर तिथे नेमकं करता काय हो?" प्रभा घाईत होती. "तुम्हाला नाही कळायचं," असं म्हणून ती लुना सुरू करून निघून गेली. संध्याकाळी माझ्याकडे आली ती तोंड पाडूनच. "सुमन, लोकांच्या पैशावर माझी प्रयोगशाळा चालते आणि मी त्या बाईला म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं! लाज वाटते गं मला." मी म्हटलं, उद्या सांग त्यांना, हाय काय नाय काय. पण प्रभाला असं साधं काही कधी सुचलंच नाही. तिने थेट जत्राच काढली.

कसबा पेठेतल्या एका शाळेचा हॉल, थंडीतला रविवार. वेगवेगळ्या संस्थांतले संशोधक आपापली उपकरणं घेऊन टेबलांपाशी, आणि पुणेकरांनी यायचं, बघायचं, विचारायचं. प्रभाचा नियम असा, की प्रत्येक टेबलाला खुर्ची एकच आणि ती पाहुण्याची. शास्त्रज्ञांनी दिवसभर उभं राहायचं. मोठमोठे डॉक्टरेटवाले कुरकुरायचे. त्यावर ही म्हणायची, "गिऱ्हाईक आल्यावर दुकानदार बसून बोलला तर गिऱ्हाईक थांबेल का?" पुण्यातले दुकानदार बसूनच बोलतात, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. तर म्हणाली, "म्हणूनच सांगतेय." दुसरा नियम, प्रश्नाला उत्तर द्यायचंच आणि येत नसेल तर तसं तोंडाने म्हणायचं. प्रमुख पाहुणे, हारतुरे, शाल-श्रीफळ काही नाही. सकाळी कुलूप काढायचं की जत्रा सुरू.

पहिल्या वर्षी मोठीच गंमत झाली. सूक्ष्मदर्शकाखाली ज्याला त्याला आपापल्या नळाचं पाणी दाखवायचं, अशी प्रभाची कल्पना. पत्रकात छापलं, 'येताना घरचे पाणी घेऊन यावे.' माणसं आली, बाटल्या घेऊन आली, आणि प्रभाच्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत सगळ्यांनी ते पिऊन संपवलं! पुण्यात बोलावलंय म्हणजे पाणी आपापलं न्यायचं, यात कुणाला काही वावगं वाटलंच नव्हतं. प्रभा कपाळाला हात लावून बसली, म्हणजे उभीच होती, पण हात कपाळाला. शेवटी एका आजोबांच्या बाटलीत तळाला घोटभर उरलं होतं, त्यावर दिवस निभावला. आजोबा संध्याकाळपर्यंत टेबलापाशी ठाण मांडून. प्रत्येकाला अभिमानाने सांगत होते, "आमच्या नळाचं आहे."

मग जत्रा वाढत गेली. मांजरी गावाहून उसावर काम करणारे एक गृहस्थ यायचे, ते उसाची कांडी चिरून आतल्या शिरा दाखवायचे आणि लोक उरलेला ऊस खाऊन टाकायचे. कात्रजहून सापांचे जाणकार यायचे, त्यांच्याकडे सर्वांत जास्त गर्दी. माझं काम चहा, टेबलं, सतरंज्या आणि प्रभाने दुखावलेल्या लोकांची समजूत काढणं. शेवटचं काम सर्वांत मोठं होतं. तिचे विद्यार्थी एकेक करून सॉफ्टवेअरमध्ये गेले. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचे पट्टे घालून जत्रेला यायचे. ही दारातच म्हणायची, "तो पट्टा काढ आणि आत ये. इथे हरवणार नाहीस." ती पोरं हसायची, पण पट्टा काढायची.

एका वर्षी एका कंपनीचे दोन तरुण माझ्याच घरी येऊन बसले. जत्रा मोठ्या मैदानावर करू, स्टेज, साउंड, प्रवेशासाठी आधी नाव नोंदवायचं, सगळा खर्च आमचा. मला तर हायसं झालं. सतरंज्या झटकून माझी कंबर गेली होती. प्रभाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंडईतून पिशवी घेऊन परत जाणारी बाई आत डोकावेल का हो तिथे?" मुलगा म्हणाला, "मॅडम, अॅक्च्युअली, आपला टार्गेट ऑडियन्स तो नाहीये." झालं. त्यांना चहा मिळाला, होकार नाही. मी चिडले. "तुला काय जातंय नाही म्हणायला, उचलायचं मला असतं," म्हणाले. तीही चिडली. आठवडाभर बोललो नाही, मग तीच लाडू घेऊन आली. लाडू विकतचे होते. स्वयंपाकघरात ती कधी रमली नाही.

नंतर नंतर जत्राच ओसरली. जुने संशोधक निवृत्त झाले, नव्यांना रविवारी घरचं काही ना काही असायचं. लोक म्हणायचे, आता सगळं इंटरनेटवर मिळतं की. एका वर्षी दुपारभर हॉलमध्ये आम्हीच एकमेकींना प्रश्न विचारत होतो. माझे गुडघे, ह्यांचं ब्लडप्रेशर, मुलगा अमेरिकेत... मी दरवर्षी म्हणायचे, "प्रभा, पुरे आता." ती म्हणायची, "तू बस गं, मी बघते." ही बघणार म्हणजे शेवटी मलाच उठावं लागणार, हे दोघींना ठाऊक होतं.

तिला रक्तात जंतुसंसर्ग झाला. साध्या ऑपरेशनचं निमित्त. औषधं बदलून बदलून दिली, लागू पडेनात. जन्मभर जिवाणूंच्या मागे असलेली बाई, शेवटी जिवाणू तिच्या मागे लागले. मी भेटायला गेले तर रिपोर्ट डोळ्यांसमोर धरून बघत होती. "हे बघ, कसले चिवट आहेत," म्हणाली, आणि आवाजात चक्क कौतुक! मला संताप आला. "आता तरी गप्प पड," म्हटलं. "गप्पच पडायचंय आता. घाई काय आहे?" हे तिचं उत्तर. रडायचं नव्हतं म्हणून मी भलतंच बोलून बसले. म्हटलं, "यंदापासून जत्रा नाही करायची. मला झेपत नाही." तिने विचारलं, "ठरवलंस?" "हो." "बरं," म्हणाली आणि डोळे मिटले. भांडली असती तर बरं झालं असतं.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. फोटोला हार, व्यासपीठ, वक्ते, प्रभाला ज्याचा तिटकारा ते सगळं. शेवटी मी बोलणार होते. वाक्य तयार होतं, 'प्रभाबरोबर तिची जत्राही संपली.' एकदा जाहीर केलं की सुटले, असा माझा हिशेब. माझ्या आधीच्या गृहस्थांचं भाषण संपत होतं, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. नऊवारी, हातात पिशवी. मांजरीकडच्या, जत्रेला पुष्कळदा आलेल्या, असं मागाहून कळलं. म्हणाल्या, "यक इचारायचं हाय."

अध्यक्ष म्हणाले, "अहो बाई, ही शोकसभा आहे. इथे प्रश्न नसतात."

"ह्या हालात इचारायचं असतंय म्हनून आले," बाई म्हणाल्या. "ज्या जंतूंचा बाईंनी जल्मभर अभ्यास केला, त्यांनीच नेलं म्हनत्यात त्यांना. मग येवढा अभ्यास करून उपेग काय झाला?"

 कुणीतरी त्यांना बसा, बसा म्हणून खुणावायला लागलं. मी कधी उठले ते मलाच कळलं नाही. प्रश्न चुकीचा नव्हता हो... गेले काही आठवडे मीही तोच विचारत होते, फक्त मोठ्याने नाही. मी म्हटलं, "बाई, तिला वाचवायला उपयोग नाही झाला. एवढंच झालं, की आपल्याला नेमकं काय होतंय हे तिला शेवटपर्यंत कळत होतं. ते बरं झालं की वाईट, मला खरंच सांगता येत नाही."

बाईंनी नीट ऐकून घेतलं. मान हलवली. "न्हाई पटलं," म्हणाल्या. "फुडल्या वर्षी परत इचारते. तवर बघून ठेवा." आणि पिशवी सावरत खाली बसल्या.

माझं तयार वाक्य तसंच राहिलं. अध्यक्षांनी खूण केली तशी मी दोन शब्द काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. सोमवारी शाळेत जाऊन यंदाच्या जत्रेसाठी हॉल सांगून आले. ह्यांनी विचारलं, "तू तर बंद करणार होतीस ना?" मी म्हटलं, "हो, करणारच होते."

गुडघे दुखतातच आहेत. सतरंज्या कोण झटकणार, देव जाणे. त्या बाईंच्या प्रश्नाशी मी रोज कपडे वाळत घालताना झगडते आणि काही सुचत नाही. परवा असंच अडलं, तशी नेहमीसारखी फोनपाशी गेले आणि प्रभाच्या घरचा नंबर फिरवला. पलीकडून दिलीप म्हणाला, "सुमनताई? बोला ना... काय झालं?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "प्रभाला एक विचारायचं होतं."