थेंबवालीची लेक

"नऊ महिने भरू द्या हो मावशी. गोवरची लस सातव्यात टोचून काय उपयोग? आईकडून बाळाच्या रक्तात जे बळ आलेलं असतं ना, तेच लशीला मारून टाकतं."

"ते मला नका शिकवू, सिस्टर. पंचवीस वर्षं पिल्लांच्या डोळ्यांत लस घालतेय मी."

कोंबड्यांच्या शेडवर तिला सगळे थेंबवालीच म्हणतात. पिल्लू मुठीत धरायचं, डोळ्यात एक थेंब सोडायचा, त्यानं पापणी मिटली की खाली. अंड्यातूनच आईचं बळ घेऊन आलेल्या पिल्लाला लवकर लस दिली तर ती पाण्यात जाते, हे तिला पाठ. उशीर झाला तर काय होतं, तेही. आईचं बळ उतरलेलं, लशीचं अजून चढलेलं नाही, अशा मधल्या दिवसांत एकदा अख्खी शेड आडवी झाली होती. फावड्यानं पिल्लं भरून खड्डा तिनंच बुजवला होता.

आज दवाखान्यात लेकीच्या मांडीवर नातू होता, सात महिन्यांचा. शेजारच्या पोरीला काल गोवर निघाला. आणि परवाच हा गडी तिच्या कडेवर बसून तिची वेणी ओढत होता.

"घाबरू नका," सिस्टर म्हणाली. "आईचं बळ असेल अजून त्याच्यात."

"आणि नसेल तर?"

"का नसेल? तुमच्या लेकीला लहानपणी टोचलं असेलच की."

"टोचलंय ना गं, आई?" लेकीनं विचारलं.

थेंबवालीला तो दिवस आठवला. लेकीचे नऊ महिने भरले त्या दिवशी शेडवर पाच हजार पिल्लं उतरली होती. टोचायला नेते म्हणून पोरीला घेऊन ती घरातून निघाली, ती थेट शेडवर. संध्याकाळी सासूला सांगितलं, टोचून आणली, फार रडली बिचारी. पुढं उद्या-परवा करता करता राहूनच गेलं.

नातवानं तिचं बोट धरून तोंडात घातलं. तिच्या डोळ्यांपुढं तो खड्डा आला.

"नाही टोचलं," ती म्हणाली. "खोटं बोलले होते मी. गोवरही आला नाही हिला कधी. लोकांच्या पिल्लांना थेंब घातले, माझंच राहिलं."

"आणि माझं लशीचं कार्ड? उंदरानं कुरतडलं म्हणाली होतीस!"

"उंदीर मीच."

कुणी हसलं नाही. सिस्टर आत जाऊन डॉक्टरांना विचारून आली. "रोगी अगदी शेजारी आहे, त्यात आईचं हे असं. आजच देऊ. पण हा डोस हिशेबात धरायचा नाही. नवव्याला पुन्हा आणायचं. आणि ताई, तुम्हीही दंड पुढं करा."

"आत्ताची धरेल ना पण?" थेंबवालीनं विचारलं.

"धरेलच असं नाही सांगता येत, मावशी. दोन-तीन आठवडे नजर ठेवा. ताप दिसला की लगेच इथं."

सुई टोचली तसं पोरानं आभाळ डोक्यावर घेतलं. फाटकाशी लेकीनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "नवव्याला मीच आणीन. तू नको येऊस."

थेंबवालीनं मान हलवली. जाता जाता पोराच्या कपाळाला हात लावला. गार होतं. दोन पावलं गेल्यावर पुन्हा मागे येऊन लावला.

शेडवर दुपारची पिल्लं चिवचिवत होती. तिनं बाटली उलटी धरली, तर पहिला थेंब चोचीवरच पडला. दुसरा डोळ्यात गेला. पिल्लानं पापणी मिटली, उघडली. ती त्याला मुठीत धरूनच बसली.

"थेंबवाली, झोपलीस काय?" पलीकडून मुकादम ओरडला.

तिनं ते खाली सोडलं आणि दुसरं उचललं.