बेटावर पोचलेली खबर

तळ्याकाठच्या न्खाता बे बंदराच्या धक्क्यावर तोवेरा लोंगवे बावीस वर्षं कारकुनी करत होती. लिकोमा बेटाकडे जाणारं सामान आलं की गोदामाच्या दारात बसून ती ते वहीत उतरवायची. कोणाची गादी, कोणाचे पत्रे, कोणाची शिलाई मशीन. दुपारी धक्का ओस पडायचा. तळ्याचं पाणी इतकं नितळ व्हायचं की होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसायच्या. मग तिची लेखणी थांबायची आणि वहीतल्या नावांना चेहरे कसे असतील, याचा विचार करत ती बसून राहायची.

एकदा झाडू मारताना पत्र्यांच्या थप्पीमागे तिला एक छोटं खोकं सापडलं. आत चष्मा होता. बेटावर जाळी विणणाऱ्या चिसाले नावाच्या म्हाताऱ्यासाठी त्याच्या लेकीने पाठवलेला. चार महिने तो तिथेच पडून होता. जहाजावरच्या माणसांना विचारलं, तर कळलं की म्हातारा प्रत्येक जहाजाला किनाऱ्यावर येतो, उतरणारी शेवटची गोणी बघतो आणि घरी जातो. वहीत नोंद होती, तीही तिच्याच अक्षरात. चष्मा पुढच्या जहाजाने गेला, पण तोवेराला कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही.

त्याच सुमारास जहाज कंपनीने कामासाठी एक नवी यंत्रणा घेतली आणि ती शिकवायला म्झुझू शहरातून तावोंगा नावाची बाई आली. तिने सांगितलं की प्रोग्राम लिहिता येत नसला तरी इथे ॲप बनवता येतं. पडद्यावर चौकोन मांडायचे, एकातून दुसऱ्यात बाण ओढायचा, आणि अमुक झालं की तमुक कर, एवढं सांगून ठेवायचं. पुढचं काम आपोआप होतं. गोदामप्रमुख म्सिस्का खुर्चीतच पेंगला. तोवेराने मात्र दोन दिवस डोळ्याची पापणी लववली नाही.

मग तिच्या दुपारी बदलल्या. वीज असली की ती पडद्यासमोर बसे, वीज गेली की रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चौकोन काढी. तळ्यावर चिलटांचे थवे धुरासारखे उठत आणि त्या धुरात तिला आपले बाण दिसत, पाण्यावरून बेटाकडे सावकाश सरकणारे. एका टोकाला सामान, दुसऱ्या टोकाला माणूस.

दोन महिन्यांनी तिने, सामान निघालं की मालकाला निरोप धाडणारं आपलं ॲप पहिल्यांदा चालू केलं. जहाज बेटाला लागलं, तेव्हा कप्तानाचा वायरलेस आला. किनाऱ्यावर जत्रा भरलीय, म्हणाला. तीनशे माणसं उभी होती. प्रत्येकाच्या फोनवर एकच निरोप, ‘तुमचं सामान येत आहे.’ जहाजात होत्या बारा गोण्या.

म्सिस्का पोट धरून हसला. “आमा तोवेरा, बाईसाहेब, अख्ख्या बेटाला आवतण दिलंत. आता पंगतीला उसिपा मासे तरी पाठवा.”

ती घरी गेली, कसाव्याच्या पिठाचं घट्टसर न्सिमा शिजवून ताटात वाढून घेतलं आणि तसंच ठेवलं. सकाळी येऊन तिने एकेक बाण बोटाने तपासला. चूक सापडली. निरोपाचा बाण जहाजात चढलेल्या सामानापासून निघायला हवा होता. तो निघाला होता आजवरच्या सगळ्या नावांच्या यादीपासून. तिने तो काढून नीट जोडला. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी आणखी एक चौकोन घातला, म्हणजे निरोप शेजाऱ्याकडे जाईल. पुढच्या जहाजाला किनाऱ्यावर एकोणीस माणसं होती आणि एकोणीसच्या एकोणीस सामान घेऊन घरी गेली.

“काल कोणी भांडायला आलं नाही,” म्सिस्का म्हणाला. “करमेना मला.” त्याची शाबासकी ती एवढीच.

त्या मोसमात तोवेराने रजा टाकली आणि जन्मात पहिल्यांदा बेटाच्या जहाजात चढली. ती उतरली, कप्तानाने तिचं नाव सांगितलं, तशी माणसं तिला फोन दाखवू लागली. ज्यांची नावं तिने वर्षानुवर्षं लिहिली होती, ती तिच्यासमोर उभी राहून हसत होती. कोणी उंच, कोणी बोळक्या तोंडाचं, कोणी पाठीशी बाळ बांधलेली. तिला क्षणभर वाटलं, आपण अजून गोदामाच्या दारातच डुलक्या घेतोय.

दवाखान्यातली नर्स लुसुंगू तिला हाताला धरून बाओबाबच्या झाडाच्या सावलीत घेऊन गेली. डॉक्टर होडीने येतो, पण कधी येणार ते गरोदर बायकांना कळत नाही, असं तिने सांगितलं. पलीकडच्या गावांतून त्या उन्हात चालत येतात, तेव्हा तो परत गेलेला असतो.

“आमच्या बायकांसाठी होईल का हो असं काही, आमा?”

“का नाही होणार? आधी सांग, डॉक्टर निघाला हे सगळ्यात आधी कोणाला कळतं?”

“होडीवाल्याला,” लुसुंगू म्हणाली. तोवेराने काडी घेऊन वाळूत पहिला चौकोन काढला. मग दुसरा. दोघी गुडघ्यांवर बसून बोलत राहिल्या. भोवती चार बायका जमल्या आणि आपापल्या गावांची नावं सांगू लागल्या. जहाजाने भोंगा दिला, पुन्हा एकदा दिला. तोवेराने मान वर करून पाहिलं, तर ते निळ्यात बरंच लांब गेलं होतं. पुढचं जहाज चार दिवसांनी होतं.

लुसुंगूने तिच्यासाठी चटई टाकली.