बाबांची वाडी मी पिवळी केली

तुम्ही हसणार हे धरूनच सांगते. फक्त आमच्या नानाकाकांसमोर हा विषय काढू नका, त्यांनी मला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

तर ओवी, म्हणजे माझी लेक, दुपारी झोपते. झोपते म्हणजे काय, श्वास चालू आहे ना हे बघायला मी तिच्या नाकाखाली बोट धरते, त्या बोटानेच ती जागी होते, मग मी तिला परत झोपवते. एवढं उरकून जो वेळ उरायचा, त्यात मी मोबाइलवर ‘बाळाला हिरवी शी का होते’ असलं काहीबाही वाचून घाबरत बसायचे. शेवटी वैतागून नवऱ्याने, निनादने, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर कॉलेजच्या काळातला शहर वसवायचा गेम लावून दिला. म्हणाला, “घाबरायचंच असेल तर जरा शहराची काळजी कर.”

तुम्ही खेळलायत का हा गेम? मोकळी जमीन मिळते. रस्ते टाकायचे, वीज द्यायची, पाण्याचे पाइप पुरायचे. घरं मात्र आपण बांधायची नाहीत. आपण नुसता जमिनीला रंग द्यायचा. हिरव्यावर घरं उगवतात, निळ्यावर दुकानं, पिवळ्यावर कारखाने. लोक आपोआप येतात, आणि आले की तक्रारी करतात.

शहाण्या बाईने मुंबई वसवली असती. मी उमेळं वसवलं.

उमेळं माझं माहेर. बोळिंजच्या आमच्या अकराव्या मजल्यापासून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ, आणि मूल झाल्यापासून पोचता येऊ नये इतकं लांब. कारण बाबांच्या वाडीत डास आहेत. केळीत साप असतो म्हणतात. आणि बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आमच्याकडची केळी, पानवेली, मोगरा सगळं त्याच्यावर जगतं. मी त्याच बावखलात पोहायला शिकले. पण ओवी रांगायला लागल्यापासून मला त्यात फक्त ओवी पडताना दिसते. मग काय, दर रविवारी जायचं ठरतं आणि दर रविवारी मला काहीतरी आठवतं.

म्हणून दुपारी बसून मी उमेळं बांधत होते. खाडी खणली. रेल्वेचे रूळ टाकले. बावखल तर चार वेळा बुजवून पुन्हा खणलं, कारण त्याचा तो पोटातला बाक काही केल्या येईना. अडलं ते वाडीपाशी. त्या गेममध्ये शेतीला वेगळा रंगच नाही. निनादनेच युक्ती सांगितली: कारखान्यांचा पिवळा रंग अगदी विरळ द्यायचा, हवा स्वच्छ ठेवायची, मग तिथे आपोआप शेतं उगवतात. मी दिला पिवळा. आणि खरंच, दुसऱ्या दुपारी वाडी उगवली. केळी नव्हत्या, कुठल्यातरी परदेशी गव्हासारखं काहीतरी होतं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मग त्या आनंदात नकाशाचा फोटो काढून मी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “उमेळ्याचा नवा नकाशा. आपली वाडी पिवळी झाली.” आणि एक हसरा चेहरा.

पाच मिनिटांत नानाकाकांचा फोन. नानाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. वाडी दोघांच्या नावावर.

“बाय, हे पक्कं आहे का गं?”

“पक्कं म्हणजे काय काका, झालंसुद्धा. पण कुणाला आवडेल की नाही, म्हणून टाकत नव्हते.”

“आवडेल की नाही काय विचारतेस? मला तर खुशीने जेवण जाईना. निनादच्या ऑफिसातून का?”

निनाद आर्किटेक्टकडे नकाशे काढतो. लॅपटॉप त्याचाच. मी म्हटलं, “त्याच्याकडूनच मिळालं. पण पुढचं सगळं मीच बघते.”

“तू?” काकांचा आवाज एकदम आदराने भरला. “बरं, तो वाडीतून जाडा रस्ता दिसतो…”

“तो टाकावाच लागला. रस्ता नसला तर कुणी येतच नाही तिथे.”

“बरोबर आहे. जरा रुंद होईल का?”

“होईल, पण मग देऊळ मध्ये येतं. ते पाडायला लागेल.”

“देवळाचं मी बोलतो गावात. तू पुढे जा.”

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी तुझी ट्यूब पेटायला हवी होती. अहो, ओवी झाल्यापासून मला कुणी तिच्या खाण्यापिण्याशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं. आणि हा साठीचा माणूस माझ्या रस्त्याची रुंदी विचारत होता. मला काकांबद्दल इतकं भरून आलं, की मी त्यांना पाण्याची टाकी कुठे बसवणार तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात बाबा.

बाबा आमच्याकडे येत नाहीत. लिफ्टमध्ये त्यांना गरगरतं. ते अकरा मजले जिने चढून आले होते, हातात केळफुलाची पिशवी. पाणी प्यायले. झोपलेल्या ओवीकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “नाना सकाळी दलाल घेऊन आला होता. फीत लावून वाडी मोजली त्यांनी.”

“का?”

“का म्हणजे? पिवळी झाली ना. तूच तर सांगितलंस.”

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला. गेममध्ये पिवळं म्हणजे कारखाने नाहीतर शेतं. आमच्या वसईत सरकारी विकास आराखड्यात पिवळं म्हणजे राहायची वस्ती, म्हणजे बिल्डिंगला परवानगी. उमेळ्यात हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. आमच्याकडे लोक पावसाचं भाकीत ऐकणार नाहीत, पण रंगीत नकाशा दिसला की त्यात आधी आपली वाडी शोधतात. आणि मी त्याच लोकांना जाड रस्त्यासकट नकाशा धाडला होता.

बाबांचं अजून संपलं नव्हतं. “भांडायला नाही आलो. होणारं होतं कधीतरी. फक्त निनादरावांना विचार, बावखलापुरतं तरी पाण्याचं निळं ठेवता येईल का. तेवढंच.”

माझ्या बाबांनी आयुष्यात कुणाकडे रदबदली केलेली नाही. माझ्याकडे केली, आणि तीही माझ्याच खेळातल्या तळ्यासाठी.

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे उघडला. ग्रुपवरच्या फोटोपासून सगळं सांगितलं. बाबांनी चष्मा लावला. पडद्यावर बोट फिरवून वाडी शोधली. मग त्यांनी फोन काढला, स्पीकरवर टाकला.

“नाना, तो खेळ आहे पोरीचा. कॉम्प्युटरवरचा.”

पलीकडून काका म्हणाले, “आणि देऊळ?”

“देऊळपण खेळातलंच.”

“मी काल पुजाऱ्याला पटवलंय रे,” काका कळवळून म्हणाले. “आता त्या दलालाला काय तोंड दाखवू?”

“सांग, वाडी द्यायची नाही. दोघांची सही लागते, एकाची मिळणार नाही.” बाबांनी फोन ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. “आता दाखव नीट. विहीर कुठाय?”

मग ती दुपार काय सांगू. बाबांनी मला खाडीचं वळण दुरुस्त करायला लावलं. मोगरा कुठे, पडवळाचा मांडव कुठे, सगळं बोटाने दाखवलं. इतकं आम्ही गेल्या वर्षभरात बोललो नव्हतो. शेवटी त्यांनी बोट वर सरकवलं. “हे बोळिंज ना? तुमची बिल्डिंग कुठाय?”

मी मोकळ्या जमिनीवर बोट ठेवलं. बोळिंज मी सपाट केलं होतं. माझ्या लहानपणी तिथे भाताची खाचरं होती, म्हणून.

“पाडलीस?” बाबा म्हणाले. “मग पोरीला घेऊन तू राहतेस कुठं?”

हा विचारच मी केला नव्हता. अख्खं उमेळं वसवलं, त्यात मी नव्हतेच. बाबा म्हणाले, “हे बघ, रस्ता आहे, पाणी आहे. वाडीतच घे एक कोपरा. बावखलाच्या काठाला. छोटंसं घर बांध.”

मला काय झालं सांगता येत नाही. मी लगेच बावखलाच्या काठाला एक हिरवा चौकोन रंगवला. पण बाबा येण्याआधी मी आमच्या जवळचा दाटीवाटीचा फुलपाडा बनवत होते, आणि दाट वस्तीचं बटण दाबलेलं तसंच राहिलं होतं.

आमच्या डोळ्यांदेखत बावखलाच्या काठावर टॉवर उभा राहिला. चांगला उंच, बाल्कन्यांसकट.

नानाकाकांना, त्यांच्या दलालाला, कुणालाही जमलं नव्हतं. बाबांच्या वाडीवर पहिली बिल्डिंग मी चढवली, तीही बाबांना शेजारी बसवून.

बाबांनी बोटाने मजले मोजले. मग हळूच म्हणाले, “खालच्या मजल्यावरच राहा हं. मला यायला बरं पडेल.”