तुकडेकाकांची सही

कारखान्यात त्यांना सगळे तुकडेकाका म्हणत. काही मोडलं की त्याचे तुकडे काकांच्या टेबलावर येत. काका भिंगातून बघत आणि चीर कुठून सुरू झाली, किती दिवस वाढली, चूक कोणाची, सगळं सांगून मोकळे होत. तीस वर्षांत त्यांचं निदान एकदाही चुकलं नव्हतं. "पण वरातीमागून घोडं!" असं फिटर चिडवत, आणि काका ते हसण्यावारी नेत.

मागच्या महिन्यात एक नंबरच्या क्रेनचा हुक तुटला. नशीब, खाली कोणी नव्हतं. कोणा शहाण्याने हुकावर नंबराची पट्टी वेल्डिंग करून बसवली होती, तिथूनच चीर गेली होती. काकांनी दोन दिवसांत हे शोधून काढलं आणि सगळ्या क्रेनचे पट्टीवाले हुक बदलायला लावले. काम चोख झालं, त्यात वाद नाही.

आता दोन नंबरची क्रेन पुन्हा सुरू करायची होती. साहेबांना कागदावर 'सुरक्षित' एवढा शब्द आणि खाली काकांची सही हवी होती. ती क्रेन काकांची मुलगी चालवायची. सकाळपासून काकांना चैन नव्हती. पेन उघडायचं, मिटायचं, शेडमध्ये चक्कर मारायची, परत येऊन बसायचं. हुक आता त्या कारणाने तुटणार नाही, हे ते छातीठोकपणे सांगू शकत होते. पण बाकीच्या कारणांचे तुकडे अजून टेबलावर आलेच नव्हते.

मुलगी हेल्मेट घालून दारात आली. "बाबा, झाली का सही? माझी शिफ्ट सुरू होतेय."

"हुक नवा आहे," काका म्हणाले. मग राहवेना. "बाकी काही जाणवतं का गं तुला?"

"ब्रेक उशिरा धरतो. दोन हात पुढे जाऊन थांबते. क्रेन बंद केली, त्याच्याही आधीपासून."

काकांनी पेन खाली ठेवलं. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"कुठे बोलू? मोडल्याशिवाय रजिस्टरमध्ये नोंद नाही. नियम तुमचाच आहे ना?"

नियम त्यांचाच होता. बारीकसारीक कुरबुरींनी रजिस्टर भरू नये म्हणून केलेला. रोज तिच्यासमोर बसून जेवायचे, पण मेलेल्या लोखंडाला विचारलं तेवढंसुद्धा त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. स्वतःचीच भयंकर लाज वाटली त्यांना.

फोन वाजला. साहेब होते.

"सही करत नाही," काका म्हणाले.

"का? काय मोडलंय?"

"अजून काहीच नाही," काका म्हणाले आणि मुलीच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी तुकड्यांच्या जागी टेबलावर ठेवलं.