भैय्यासाहेबांचा रनर

आमच्या कोच सरांनी पॅड माझ्या पायापुढे टाकले. हातात दिले नाहीत. टाकले. मागून ग्लोव्हज, मग हेल्मेट. अमरावतीचं मैदान, फायनल, मधली सुट्टी. समोरच्यांची, म्हणजे अमरावतीची, बॅटिंग संपली होती, आमची सुरू व्हायची होती. अख्खी टीम पाहत होती.

"बांध," सर म्हणाले. "पण बॅटिंगचं स्वप्न पाहू नको. भैय्यासाहेबांचा रनर आहेस तू. बॅट नुसती हातात धरायची."

कोणीतरी फिसकन हसलं. मी वाकलो आणि पॅड उचलले. हे आधीच कबूल करून टाकतो. त्या दिवशी मी नाही म्हटलं, ते नंतर. आधी मी वाकलो.

क्रिकेट न कळणाऱ्यांसाठी सांगतो. बॅट्समनचा पाय दुखावला तर तो जागेवर उभा राहून बॉल मारतो आणि त्याच्या धावा दुसरा कोणी पळतो. तो दुसरा म्हणजे रनर. मोठ्या सामन्यांतून ही सोय केव्हाच बंद झाली. आमच्याकडच्या स्पर्धेत अजून चालते, दुखापत आधीची असली तरी, फक्त समोरच्या कॅप्टनने हो म्हणायला हवं. रनर अकरातलाच लागतो. पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, सगळं त्याने बॅट्समनसारखंच घालायचं. बॅटही घ्यायची. पळायचं त्याने आणि धावा लिहायच्या बॅट्समनच्या नावावर.

भैय्यासाहेब आमचा कॅप्टन. वय माझ्याएवढंच, बावीस. पण अकोल्यातल्या आमच्या क्लबचे अध्यक्ष त्याचे वडील, मोठे वकील, म्हणून तो पाळण्यापासून भैय्यासाहेब. बॅट्समन चांगला होता. खोटं कशाला बोलू? त्याने कव्हरमधून मारला की मीही पाहत राहायचो.

मी अकोटचा. बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. त्याच जिनिंगच्या भिंतीवर बॉल मारून मी शिकलो. क्लबात आलो त्या दिवशी वकीलसाहेबांनी आधी आडनाव विचारलं, मग वस्ती विचारली, आणि "बरं, बरं" म्हणाले. बॅटिंग येते का, हे काही विचारलं नाही. तीन वर्षं मी बारावा, म्हणजे राखीव, होतो. रोज अकोट ते अकोला एसटी. नेटमध्ये सगळ्यांना बॉल टाकायचे, कोणी आजारी असला की त्याच्या जागी फिल्डिंग करायची, पाण्याचं खोकं मैदानात न्यायचं. खोक्यातली बाटली ज्याची त्याने उचलायची. मी काढून द्यायची नाही. असं कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि मी न कळल्यासारखं करत होतो. खेळायला मिळेल या आशेवर माणूस बरंच काही न कळल्यासारखं करतो.

सेमीफायनलला एक धाव चोरताना भैय्यासाहेबाच्या मांडीत कळ आली. दोघांनी उचलून बाहेर आणला. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे पळणं बंद. मला आनंद झाला. झाला म्हणजे झाला. त्याची तीन नंबरची जागा रिकामी झाली होती. फायनल पाहायला नागपूरहून निवड समितीचे एक गृहस्थ येणार होते, तेवीस वर्षांच्या आतल्या संघासाठी पोरं हेरायला. माझं ते शेवटचं वर्ष होतं. एक इनिंग. त्यांच्यासमोर एक इनिंग मिळाली की मग माझं मी पाहून घेईन, असं मला वाटत होतं.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी सरांनी अकरा नावं वाचली. पहिलं भैय्यासाहेबाचं. मला वाटलं, कॅप्टनचा मान म्हणून वाचलं असेल. शेवटचं नाव माझं. मधली नावं मी नीट ऐकली नाहीत. ऐकली असती तर तेव्हाच कळलं असतं की भैय्यासाहेबाची जागा रिकामी झालेलीच नाही, एका बॉलरला बसवून मला घेतलंय.

मी बडनेऱ्याच्या आत्याला फोन केला. ती स्टेशनवर झाडूकामाला होती. "तीन वर्सानं नंबर लागला तुया," ती म्हणाली. "रजा टाकतो अन् येतो पाहाले."

आणि आता मी पॅड बांधत होतो. पॅड भैय्यासाहेबाचे जुने, हेल्मेटही त्याचंच, जास्तीचं. इतके हलके पॅड मी आयुष्यात पहिल्यांदा घातले. मैदानात उतरलो तेव्हा आत्या सीमेच्या दोरीजवळ उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, माझी बॅटिंग आली.

पलीकडे मांडवात वकीलसाहेब आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर नागपूरचे गृहस्थ.

भैय्यासाहेब मारायचा, मी पळायचो. तो क्रीजमध्ये उभा, मी बाजूला अंपायरजवळ. बॉल बॅटला लागला की सुटायचं. तो ओरडायचा, "दोन!" की दोन. "परत!" की परत. दर वेळी दोरीवरून आत्याचा आवाज यायचा, "पाहा, माहा भाचा कसा पयते!" एकदा थ्रो थेट स्टंपवर आला. मी अंग झोकून दिलं. कोपर सोललं, रक्त आलं, त्याची विकेट वाचली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्च्यांकडे पाहिलं.

आणखी एक सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. मला ते पळणं आवडायला लागलं होतं. आपण सामन्यात आहोत असं वाटत होतं. गुलामाला बेडीही दागिना वाटते म्हणतात ना, तसं.

त्याच्या शेहेचाळीस धावा झाल्या. सहा चौकार, म्हणजे चोवीस. उरलेल्या बावीस मी पळालो होतो.

मग एक बॉल उसळून त्याच्या हेल्मेटवर बसला. त्याला काही झालं नाही, पण पुढची जाळी पार वाकली. अंपायर म्हणाले, हे घालून खेळता येणार नाही, दुसरं आणा. दुसरं तिथेच होतं. माझ्या डोक्यावर. पलीकडच्या टोकाचा आमचाच बॅट्समन म्हणाला, "भैय्यासाहेब, याचं घ्या ना. तुमचंच तं हाय."

मी पट्टा सोडून हेल्मेट पुढे केलं.

"ते नको," भैय्यासाहेब म्हणाला. "आता त्यानं घातलंय."

हळू नाही म्हणाला. अंपायरने ऐकलं. समोरच्या टीमने ऐकलं. मला वाटलं, घामाचं म्हणत असेल. माणूस स्वतःला किती समजावतो पाहा. तेवढ्यात बॅटच्या अगदी जवळ, हेल्मेट घालून उभ्या असलेल्या अमरावतीच्या फिल्डरने आपलं हेल्मेट काढून दिलं. ऊन रणरणत होतं, पोरगा उन्हात तासभर वाकून उभा होता, हेल्मेटमधून घाम टपकत होता. भैय्यासाहेबाने ते घेतलं, "थँक्यू भाऊ" म्हणाला आणि पुसलंही नाही. तसंच डोक्यावर चढवलं.

म्हणजे घाम चालत होता. माझा चालत नव्हता.

माझा हात हेल्मेट घेऊन तसाच पुढे राहिला होता. तीन वर्षांचं ते पाण्याचं खोकं, ते "बरं, बरं", सगळं एकदम त्या हातात आलं. माझे पाय त्याला चालत होते. बावीस धावा चालल्या. माझ्या डोक्याला लागलेली त्याचीच वस्तू चालली नाही. मी खाली वाकलो. या वेळी पॅड सोडायला.

हेल्मेट खाली ठेवलं. ग्लोव्हज ठेवले. पॅडचे पट्टे एकेक करून सोडले. 

"अबे, नाटक नको करू," भैय्यासाहेब म्हणाला. "तुया डोक्याचं काय काम हाय? पाय पाहिजेत फक्त."

मी अंपायरकडे वळलो. "मी रनर नाही," म्हणालो. "यादीत अकरा नंबरले नाव हाय माह्यं. बॅटिंग आली की येतो."

आणि चालत बाहेर आलो. पळत नाही. चालत.

पुढे काय झालं तेही जसंच्या तसं सांगतो. भैय्यासाहेबाने पुढच्याच बॉलवर चौकार मारला. पन्नास झाले. बॅट वर केली. खुर्च्यांतून टाळ्या. नागपूरच्या गृहस्थांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग दुसरा रनर पॅड बांधून येण्याआधीच त्याला एक धाव पळावी लागली आणि तो अर्ध्या वाटेतच रनआउट झाला. पण पन्नास ते पन्नासच. त्या पन्नासावर त्याला नागपूरहून चाचणीचं बोलावणं आलं. त्यातल्या बावीस कोणाच्या, हे कोणत्याच कागदावर नव्हतं.

आमच्या विकेट पडत गेल्या. नववी पडली तेव्हा अकरा धावा हव्या होत्या आणि दोन ओव्हर शिल्लक होत्या. अकरा धावा काही फार नव्हत्या. मी माझी बॅट घेऊन दोरीवर उभा राहिलो. सर क्लबच्या किटबॅगवर बसले होते. सगळे पॅड त्या बॅगेत.

"सर, पॅड द्या," मी म्हणालो.

सर उठले नाहीत.

"नका देऊ. बिना पॅडचा जातो."

अंपायर मैदानातून विचारत होते, "अकरावा कोण आहे?" सरांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेब चष्मा पुसत होते. सर ओरडले, "गैरहजर!"

मी अंपायरला दिसत होतो. स्कोअर लिहिणाऱ्याला दिसत होतो, तो माझ्यापासून चार पावलांवर बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या नावापुढे लिहिलं, गैरहजर. भैय्यासाहेब लंगडत गेला आणि अमरावतीच्या कॅप्टनशी हात मिळवून आला. फायनल हरले, चषक गेला. पण मला एक बॉल खेळू दिला नाही. चषक गमावणं त्यांना त्याहून स्वस्त वाटलं.

आत्या जवळ आली. पिशवीतलं संत्रं सोलून तिने माझ्या हातावर ठेवलं, सोललेलं कोपर पाहिलं आणि विचारलं, "किती झाले तुये?"

"एकबी नाही."

"आँ? इतका तं पयला!"

"ते त्याचे होते, आत्या."

 तिला क्रिकेट कळत नव्हतं. ती म्हणाली, "मंग तू पयून कावून राह्यला होता?"

टोमणा नव्हता तो. मी का पळत होतो, हे ती खरंच विचारत होती. मी संत्र्याची एक फोड तोंडात टाकली. बडनेऱ्यापर्यंत आम्ही दोघं ऑटोने गेलो. तिने परत विचारलं नाही, आणि ते बरं झालं, कारण मी रडलो असतो.

याला सहा वर्षं झाली. नागपूर माझ्यासाठी तेव्हाच संपलं. त्या क्लबात मी परत पाय ठेवला नाही. अकोटला वस्तीतली पोरं जमवून टीम उभी केली. आमच्याकडे पाण्याचं खोकं एकट्या बाराव्याचं नाही. पाणी आळीपाळीने सगळे नेतात, कॅप्टनही नेतो. कॅप्टन मी आहे. तीन नंबरला मी खेळतो.

यंदा त्याच स्पर्धेत आम्ही नाव भरलं. रविवारी सामना आहे, अकोल्याला, त्याच क्लबशी. भैय्यासाहेब अजून कॅप्टन आहे. मांडी अजून दगा देते म्हणतात. अजून रनर घेऊन खेळतो आणि आता कोणीतरी दुसरा पोरगा त्याच्या धावा पळतो. पण रनर घ्यायचा तर समोरच्या कॅप्टनला विचारावं लागतं. म्हणजे त्याला माझ्यापुढे येऊन उभं राहावं लागणार.

लोक मला आत्तापासून समजावतात. खेळात मन मोठं ठेवावं, जुनं उगाळू नये. ज्यांच्या हातून बाटली घ्यायला कोणी कधी कचरलं नाही, ते सांगतात. माझं ठरलंय. तो येईल, विचारेल, आणि मी सगळ्यांच्या देखत, त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगेन, "नाही. खेयाचं असन तं सोताच्या पायानं पय."