हवालदारसाहेबांची सलामी

सकाळी कुणी नमस्कार केला की हवालदारसाहेब हात जोडत नसत, आणि हात कपाळाकडेही नेत नसत. जागच्या जागी टाचा जुळवायचे, दोन्ही हात मांड्यांना चिकटवायचे, हनुवटी किंचित खाली आणायचे आणि म्हणायचे, "खुश रहो." समोर दूधवाला असो की मोठा साहेब, यात फरक नाही.

"अहो, एक हात कपाळाला लावला तर काय बिघडेल?" मी एकदा विचारलं.

"सलामी वर्दीची असते, बाबूसाब. माणसाची नसते," ते म्हणाले. "वर्दी नाही, तो हाथ नहीं उठेगा."

हे वाक्य इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीला पाठ होतं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, ज्याचं एकच वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि तरी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायला बरं वाटतं. आमचे हे होते.

मी तेव्हा कचेरीत नव्यानंच चिकटलेला कारकून. त्यांच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहायचो. मध्य भारत नावाचं राज्य नुकतंच झालं होतं आणि कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. हवालदारसाहेबांची उमेदीची सगळी वर्षं होळकर सरकारच्या फौजेत गेलेली. लढाईच्या दिवसांत समुद्रापार जाऊन आलेले. मग संस्थान विलीन झालं, फौज हिंदी लष्करात गेली, आणि वय झालेल्यांना पेन्शन देऊन घरी पाठवलं. टोपी, वर्दी, पट्टा, सगळं सरकारजमा. बूट तेवढे स्वतःचे होते म्हणून राहिले. ते बूट रोज सकाळी ओट्यावर बसून ते असे घासायचे, की समोरून जाणारा माणूस त्यात भांग पाडून घेईल.

"वर्दी गेली, अकड तेवढी घरी आली," काकू आतून म्हणायच्या. काकू म्हणजे त्यांच्या घरच्या. ठेंगण्या, हसऱ्या, बोलायला फटकळ. नवऱ्याची सगळी शिस्त त्यांनी हसत हसत निम्मी केली होती. उरलेली निम्मी मात्र त्यांच्याच्यानं हलली नाही.

चौकात झेंडावंदन व्हायचं. कापडाचे मोठे व्यापारी असलेले सेठजी दोरी ओढायचे. त्या वेळच्या आमच्या सलाम्या तुम्ही पाहायला हव्या होत्या! सेठजींचा उजवा हात दोरीत गुंतलेला, म्हणून ते डाव्यानंच उरकायचे. पानवाल्याच्या कपाळावर कात लागायचा. वैद्यबुवा हात वर नेता नेता डोकं खाजवून घ्यायचे. माझा पंजा चष्म्याच्या काडीवर आपटायचा आणि चष्मा नाकावर यायचा. पण सगळ्यांच्या छात्या भरून आलेल्या असायच्या, हेही खरं. नवा झेंडा होता, नवा देश होता, कसा का होईना हात वर न्यावासा वाटत होता.

शेवटच्या रांगेत हवालदारसाहेब मात्र ताठ उभे. हात खाली, मुठी पँटच्या शिवणीवर.

एकदा सेठजींनी सगळ्यांसमोर विचारलंच. "हवालदारसाब, आप तो फौजी आदमी. आपने ही झंडे को सलाम नहीं किया?"

"सावधान में खड़ा था, सेठजी."

"सावधान में तो ये बिजली का खंबा भी खड़ा है!"

लोक हसले. हवालदारसाहेबांनी टाचा जुळवल्या आणि ते घरी गेले.

पुढे गल्लीत कुजबुज सुरू झाली. राजाचा माणूस आहे म्हणे. मनातून अजून जुनाच झेंडा. अशा गोष्टी ज्याच्याबद्दल असतात त्याच्या कानावर सगळ्यात शेवटी जातात, पण जातात. त्यानंतर बरेच दिवस ओट्यावर बूट दिसले नाहीत. मला राहवेना. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

"जुना झेंडा उतरला त्याचं वाईट वाटतं का?" मी सरळच विचारलं.

"त्याला सलामी दिलीय मी. त्याचा हिसाब पूरा झाला," ते म्हणाले. "याची राहिली."

मग त्यांनी सांगितलं. फौजेच्या लाइनीत, बराकींसमोर, पहिल्यांदा तिरंगा चढला त्या दिवशी ते मुदतीच्या तापानं इस्पितळात पडले होते. खिडकीतून बिगुल ऐकू आला, दिसलं काही नाही. उठून उभं राहण्याचं त्राण नव्हतं. तब्येत सुधारून येतात तो घरी जाण्याचा हुकूम तयार. वर्दी धुऊन, इस्त्री करून जमा केली.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या झेंड्यांना सलाम ठोकले, बाबूसाब. आपला आला तेव्हा मी खाटेवर. एकदा द्यायची आहे. एकदाच. पण कायद्यानं."

आता हा कायदा खरा किती आणि त्यांच्या मनाचा किती, मला माहीत नाही. शहरात इतरही पेन्शनीत निघालेले शिपाई होते. ते धोतरावर, सदऱ्यावर बिनदिक्कत सलाम ठोकायचे, आणि त्यांच्या देशप्रेमात मला कधी काही उणं दिसलं नाही. पण या माणसानं स्वतःपुरती एक रेघ ओढून घेतली होती आणि तिच्या अलीकडे तो एकटा उभा होता. मला त्यांच्याबद्दल माया वाटू लागली ती तेव्हापासून.

मी ही हकिकत गल्लीत सांगितली. हसलेल्यांचे चेहरे उतरले. सेठजी तर म्हणाले, "अरे भिया, पहले बताना था ना!" आणि गल्लीनं ठरवलं की हवालदारसाहेबांना वर्दी शिवून द्यायची. कापड सेठजींचं, शिलाई आमच्या कोपऱ्यावरच्या मास्टरांची.

घोटाळा इथेच झाला. मास्टर हाताचे सोन्यासारखे, पण इंदूरच्या निम्म्या बँडवाल्यांचे पोशाख तेच शिवायचे. वर्दी म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे लग्नाची वरातच यायची. त्यांनी रात्रंदिवस खपून खाकी वर्दी शिवली आणि मग त्यांना राहवलं नाही. खांद्यांवर सोनेरी झालर लावली. बाह्यांना लाल किनार दिली. छातीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जरीचा गोफ सोडला. फक्त क्लॅरनेट द्यायचं राहिलं होतं.

गल्ली ओट्यासमोर जमली. हवालदारसाहेबांनी घडी उलगडली. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी आकाशाकडे बघू लागलो. हवालदारसाहेबांनी झालरीवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "मास्टर, शिलाई एकदम फर्स्ट क्लास."

आणि पंधरा ऑगस्टला ती वर्दी घालून ते चौकात आले! बूट चकाकत होते, झालर वाऱ्यावर हलत होती. कुणी हसलं नाही. झेंडा वर गेला. सगळ्या गल्लीचे डोळे त्यांच्या उजव्या हाताकडे. हात शिवणीवरून हलला नाही.

मास्टर रडकुंडीला आले. "क्या कमी रह गई, साब?"

"कमी काही नाही," हवालदारसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "ही तुमच्या प्रेमाची वर्दी आहे, म्हणून घातली. पण सलामीची वर्दी सरकार देतं, मास्टर. मी काय करू?"

त्यानंतर त्यांना राजाचा माणूस कुणी म्हणालं नाही. सेठजी झेंडावंदनाला त्यांच्यासाठी खुर्ची ठेवू लागले. ते तीवर कधी बसले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या थंडीत निरोप आला. त्यांच्या जुन्या पलटणीवर आलेले नवे कर्नलसाहेब हौशी निघाले. सव्वीस जानेवारीच्या परेडला होळकरांच्या वेळचे जुने शिपाई वेगळ्या तुकडीत उभे राहतील, आणि त्या दिवसापुरती त्यांना पलटणीच्या गोदामातून वर्दी मिळेल. हवालदारसाहेब हे सांगायला माझ्याकडे जिना चढून आले. जिना चढून ते पहिल्यांदाच आले होते.

"सरकारी वर्दी," ते म्हणाले. "सरकारी!" त्यांना दम लागला होता आणि डोळे भरले होते.

परेडच्या दिवशी मी आणि काकू टांग्यानं मैदानावर गेलो. थंडी कडाक्याची. तंबूत जाताना ते साठीचे म्हातारे होते. बाहेर आले तेव्हा काकू नुसत्या बघतच राहिल्या. "अगंबाई," त्या पुटपुटल्या, "हे तर तेच की." पट्टा सैल होता, टोपी जरा मोठी होती. पण तेच होते.

त्यांच्या शेजारी हातोद गावचे नाईक उभे होते. दोघे बरीच वर्षं एका बराकीत राहिलेले. नाईकांचे डोळे काचबिंदूनं पार गेले होते, तरी गाववाल्याचा हात धरून ते हट्टानं आले होते. हुकूम ऐकू येतो ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं.

तुकडीला नुसतं झेंड्याकडे वळण्याचा हुकूम झाला, डावं-उजवं त्यात नव्हतं. सगळे डावीकडे वळले. नाईक वळले उजवीकडे. छाती काढून, मान ताठ करून, झेंड्याकडे सपशेल पाठ. आमच्या आजूबाजूचे लोक खुसखुसले. तेवढ्यात सलामीचा हुकूम झाला आणि सगळे हात वर गेले. नाईकांचाही गेला, मैदानाबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघून.

हवालदारसाहेबांचा हात छातीपर्यंत आला होता. मी पाहिला. तिथे तो थांबला.

मग त्यांनी रांग मोडली. दोन पावलं मागे येऊन नाईकांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना झेंड्याकडे वळवलं. वळताना म्हाताऱ्याचे पाय लटपटले. हवालदारसाहेबांनी मागून त्यांना दोन्ही हातांनी सावरून धरलं. बँडवर राष्ट्रगीत सुरू होतं. झेंडा उलगडला. नाईकांची सलामी अगदी बरोबर झेंड्यासमोर होती.

"उचला हो," काकू माझी बाही घट्ट धरून म्हणत होत्या. "उचला ना हात."

राष्ट्रगीत संपलं. हात उठला नाही.

वर्दी तंबूत परत झाल्यावर आम्ही सगळे टांग्यात बसलो. मी पुढे टांगेवाल्याशेजारी. मागे नाईक खुशीत होते. "मला वळवलं ते कोण होतं रे?"

"मागे एक जवान लावून ठेवला होता साहेबांनी," हवालदारसाहेब म्हणाले.

"भला माणूस. आणि तुझी? तुझी कशी झाली?"

मी वळून पाहिलं. हवालदारसाहेब समोर रस्त्याकडे बघत होते. "झाली," ते म्हणाले. "कडक झाली."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तो रागावूनच. एवढी वाट पाहिली आणि हे काय! "एका हातानं त्यांना धरायचं होतं," मी म्हणालो, "दुसऱ्यानं करायची होती सलामी."

"डावा हात कुठे असतो सलामीत?" त्यांनी शांतपणे विचारलं. "शिवणीवर. दुसरीकडे असला तर ती सलामी नाही." मग हळूच म्हणाले, "लोक हसायला लागले होते हो त्याला, बाबूसाब. त्याला दिसत नाही. घरी जाऊन कुणी सांगितलं असतं तर तो मेला असता. माझं काय, पुढच्या साली."

पुढच्या साली ती पलटण दुसरीकडे गेली. नव्या साहेबांनी म्हाताऱ्यांना बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी हवालदारसाहेब जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांची ती एक सलामी राहिली ती राहिलीच. इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य लिहिताना अजून मला जड जातं.

दिवसकार्य झाल्यावर नाईक हातोदहून भेटायला आले. मी तिथेच होतो. काकूंनी चहा पुढे ठेवला. म्हातारा मग बोलायला लागला.

"वहिनी, मला दिसत नाही, पण त्या दिवशी मी शेजारीच होतो ना. त्याच्या हाताचा वारा लागला मला. सट् करके हाथ गया! पूरी पलटन में वैसी सलामी किसी ने नहीं दी होगी. गावात सगळ्यांना सांगतो मी." ते काकूंच्या आवाजाच्या दिशेनं वळले. "तुम्ही तर समोरूनच पाहिली असेल?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वर बघवेना.

"पाहिली ना, भाऊजी," काकू म्हणाल्या. "खूप कडक झाली." आणि चहा निवत होता म्हणून त्यांनी नाईकांचा हात धरून कपाचा कान त्यांच्या बोटांत दिला.